आपली चढाई येईल म्हणून

आमच्या रोह्यात फुटबॉल तसा उपराच. पोरं कबड्डीची. मीही कबड्डीचाच, गुडघा गेल्यावर गळ्यात शिट्टी अडकवलेला. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीतल्या आणि नदीपलीकडच्या अष्टमीतल्या पोरांनी मिळून फुटबॉलचा संघ काढला आणि प्रशिक्षक म्हणून मला धरलं. मला सगळे घाबरायचे, एवढीच माझी लायकी.

कापणी झालेल्या शेतात सराव चालायचा. शिफ्ट सुटली की पोरं बांधावर सायकली टाकून थेट उतरायची. कपड्यांना केमिकलचा वास, पायाखाली धसकटं, आणि अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत आरडाओरडा. त्या संध्याकाळी अजून हव्याशा वाटतात. मग पेणची फायनल आठवते.

पेणला आम्ही एका गोलने पुढे होतो. गोल आमच्या सेंटर फॉरवर्डचा. मिठागरावर राबणाऱ्या घरातला, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. शेवटची थोडी मिनिटं उरली आणि माझ्यातला कबड्डीवाला जागा झाला. आघाडी आहे, आता वेळ काढायचा. त्याला बाहेर बोलावून मी एक आडदांड बचावपटू आत सोडला.

"सर, मी दमलो नाय," तो रेषेवर येऊन म्हणाला. "मी पुढं हाय म्हणून त्यांचं दोघं मागं अडकलंत."

"बस खाली. शहाणपण नको."

ते दोघेही लगेच पुढे आले. मी "सगळे मागे!" म्हणून ओरडत राहिलो. कबड्डीत समोरच्याची चढाई संपली की आपली येतेच. इथे चेंडू कोणी आणून देत नाही. आम्ही तो लांब मारायचो, पुढे आमचं माणूसच नसायचं, तो तसाच परत यायचा. बरोबरी झाली. कबड्डीत बाद झालेला गडीही परत आत येतो. मी काढलेला पोरगा येऊ शकत नव्हता. अगदी शेवटी चेंडू त्या बचावपटूच्या मांडीला लागून आमच्याच जाळ्यात गेला आणि चषक पेणमध्येच राहिला.

परतीच्या एसटीत सगळे त्या बचावपटूवर तुटून पडले.

"मांडी हाय का फळी रं?"

"फळी असती तर बॉल भायेर गेला असता!"

तो खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होता. मी पुढच्या सीटवर. 'चूक माझी' एवढं म्हणायचं होतं. गडब गेलं, नागोठणं गेलं, तोंड उघडलं नाही.

मागून फॉरवर्ड म्हणाला, "गप बसा रं. मीच दमलो व्हतो. मीच सरांना म्हटलं, काढा मला."

मीही गप्पच बसलो.

पुढे कितीतरी वर्षं रोह्यात त्याच्याबद्दल बोललं जायचं, पळतो झकास, पण शेवटी दम टाकतो. माझ्यासमोरही म्हणायचे. मी मान हलवायचो.

आजही अष्टमीच्या पुलावर भेटला की तो सायकलवरून उतरतो. "सर, गुडघा कसा हाय?" दर वेळी मी ठरवून असतो, आणि दर वेळी गुडघ्याबद्दलच बोलून घरी येतो.