शनिवार पेठेतलं माहेर

माता-बाल आरोग्याच्या नोकरीत माझं डोकं सगळ्यांत जास्त फिरवलं ते डोहाळजेवणांनी. जिच्यावर महिनोन्‌महिने लक्ष ठेवावं, ती नेमकी नाजूक वेळी ओटी भरून घ्यायची आणि माहेरी निघून जायची. आमच्या हातातून सुटलीच.

वारजे तेव्हा गावच होतं. तिथल्या एका पहिलटकरणीचा रक्तदाब चढलेला, पाय सुजलेले, आणि माहेर खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे, होडीनं जायचं. मी सासूला म्हटलं, "हिला झटके आले तर काय होडीत घालून आणणार?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय, बाई," सासू शांतपणे म्हणाली. पोरगीही रडवेली झालेली. तिला आई हवी होती.

मग आईलाच इकडे आणावं म्हणून मी होडी गाठली. आई म्हणाली, "लेकीला मूल झाल्याबगर तिच्या घरचं पाणीबी पीत न्हाय आमी." घ्या, झालं. मी चिडून म्हणाले, "मग माझ्या घरी या दोघी. तेच माहेर समजा." बोलून तर बसले.

शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या, त्यात या दोघी राहायला आल्या. नवरा म्हणाला, "दारावर पाटी लावू का, प्रसूतिगृह म्हणून?" मी लक्ष दिलं नाही. मोठं इस्पितळ जवळ होतं, तरी मला चैन पडेना. कामावरून मध्येच घरी यायचे, झोपलेल्या पोरीला हलवून विचारायचे, "डोकं दुखतंय का गं?" ती बिचारी वैतागून जायची. एका दुपारी मात्र आपणहून म्हणाली, "डोळ्यांपुढं अंधारी येतीया." तशीच तिला रिक्षात घातली. झटका आला तो इस्पितळात, डॉक्टरांच्या समोर. मुलगी झाली, आणि बाळ-बाळंतीण दोघी वाचल्या. मी जिन्यात बसून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोरीची आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या थोरलीचेबी पाय असेच सुजले व्हते. तोंड कसं भरलं व्हतं. आमाला वाटलं, माहेरचं खाणं मानवलं. लई बरं वाटलं व्हतं बगा."

थोरली बाळंतपणात गेली होती, पोटातल्या बाळासकट. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि तो जिच्यावर काढावा असं समोर कुणीच नव्हतं.

तिनं पदर सावरला. "गावाकडं आमच्या शेजारची लेक आलीय बाळंतपणाला. तिचंबी अंग चांगलं भरलंय म्हणत्यात समदी."

मी चपला शोधायला लागले.