दिवाकरची मधली काठी

दिवाकर गेल्याचं मला सकाळी साडेनऊला कळलं आणि सव्वादहापर्यंत मी ते कुणालाही पटवू शकलो नाही. नागपुरात कळमन्याच्या यार्डात संत्र्याचे ढीग लागले होते, लिलाव सुरू होता आणि शीलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी फोन खिशात ठेवला आणि शेजारच्या गाळ्यावरच्या दोघांना सांगितलं. दोघेही तलावावर मासे धरायला येणारे आमचे सोबती. एक म्हणाला, "चाल गा, काय सकाळी सकाळी फेकून राहिला!" दुसऱ्याने तर हसत हसत संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. चूक त्यांची नाही. चाळीस वर्षं मी या यार्डात जे काही सांगत आलो आहे, त्यातलं निम्मंही खरं धरणारा माणूस व्यापारात टिकला नसता. शेवटी मी खाली, संत्र्यांसाठी अंथरलेल्या गवतावर बसलो, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं...  आम्ही तिघे एकाच ऑटोत बसून नंदनवनला, दिवाकरच्या घरी गेलो.

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. आता लिहायला बसलो आहे तर पहिली अडचण ही, की माझे आकडे दुरुस्त करणारा माणूसच राहिला नाही. गळाला लागलेल्या एका कटला माशाने माझी स्कूटर तलावाकाठच्या चिखलातून चाळीस फूट ओढत नेली, ही गोष्ट मी सांगायचो. दिवाकर शेजारी बसून, मान न वळवता म्हणायचा, "सहा." स्कूटर स्टॅंडवर नव्हती, उतारावर होती आणि मासा सुटून गेल्यावर ती आपोआप घसरली, एवढा खुलासाही तो करायचा. माणसं त्याच्या 'सहा'वर विश्वास ठेवायची आणि माझ्या 'चाळीस'वर हसायची. असं आमचं दोघांचं मिळून एक दुकान होतं.

तो आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवायचा. आयुष्यभर लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरक त्याला बोटाने कळायचा, असं मी सांगतो. तो असता तर म्हणाला असता, केसाचा नाही, दोन केसांचा. मासा पकडला की खिशातून स्प्रिंगचा काटा निघायचा, मासा टांगला जायचा आणि वजन जाहीर व्हायचं. एक किलो तीनशे म्हणजे एक किलो तीनशे. दीड नाही. मी एकदा म्हटलं, "दीड सांगितलं तर मासा काय कोर्टात जाईल का?" तो म्हणाला, "मासा नाई जाणार. मले झोप नाई येणार."

आमची मैत्री काठ्यांवरून झाली. सावनेरच्या पलीकडे एक सिंचनाचा तलाव आहे. तिथे मी पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा माझ्याकडे गळाच्या अकरा काठ्या होत्या. काठ्या म्हणजे रीळ लावलेले रॉड, पण आमच्यात सगळे काठीच म्हणतात. रोहूची वेगळी, कटल्याची वेगळी, पावसाळ्यातली वेगळी, आणि एक नुसती दिसायला देखणी. स्कूटरवर त्या अशा बांधायचो की मागून पाहणाऱ्याला मंडपवाला चालला आहे असं वाटायचं. दिवाकरकडे तीन होत्या. दिवस संपेपर्यंत माझ्या अकरा काठ्यांना मिळून एक चिलापी लागली आणि त्याच्या पिशवीत दोन मरळ. मरळ म्हणजे सापाच्या तोंडाचा, गवतात दबा धरून बसणारा, आमच्या भागातला सगळ्यात लबाड मासा. मी तोऱ्यात विचारलं, "तीनमध्ये भागते का गा तुमचं?" तो म्हणाला, "माझ्याही चौदा होत्या. ज्या काठीले एक अख्खा हंगाम घराबाहेर काढलं नाई, ते दुसऱ्याच्या घरी गेली. अशा तीन उरल्या."

पुढच्या रविवारी तो माझ्या घरी आला, न बोलावता. माझ्या अकरा काठ्या गच्चीवर मांडल्या. प्रत्येकीच्या दोरीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधली आणि मला म्हणाला, "उचल." मी उचलत गेलो, तो बाजूने डोळा बारीक करून काठी कुठे वाकते ते बघत गेला. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दोडक्याच्या वेलासारखी वाकली, ती बाद. कुठेच वाकली नाही, तीही बाद. तासाभरात तीन उरल्या, त्याच्याकडे होत्या त्याच मापांच्या. एक साडेपाच फुटांची, बारीक, गांडूळ लावून चिलापीसारखे लहान मासे काढायला. एक नऊ फुटांची, जाड, धरणावर पेंडीचा गोळा लांब फेकायचा आणि कटल्याची वाट बघत बसायचं, त्यासाठी. आणि या दोघींच्या मधली, सात फुटांची. तिच्यावर त्याचा जीव. "शेंडा ऐकणारा पाहिजे आन् बुडखा न ऐकणारा," तो म्हणाला. शेंडा नरम म्हणजे आमिषाचा हलका रबरी बेडूकही गवतावर नेमका टाकता येतो. बुडखा कडक म्हणजे मरळ त्याच गवतात शिरायला लागला की त्याला ओढून बाहेर काढता येतं. रोहूही येतो तिच्यावर, चिलापीही येते. "तिन्हीतली एकच ठेव म्हटलं, तर हेच." उरलेल्या आठ काठ्या मी वाटून टाकल्या, असं त्याला सांगितलं. त्यातल्या चार पलंगाखाली होत्या. ते त्याला माहीत होतं. एकदा चहा पिताना त्याने पाय लांब केला, काठी खुळखुळली, आणि तो शांतपणे माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, घरात मांजर पाळली का?"

दोन वर्षांपूर्वी त्याला लकव्याचा झटका आला. बोलणं आठवड्याभरात परत आलं, पाय तीन महिन्यांत. उजवा हात आला नाही. खांद्यातून हलायचा, कोपरापर्यंत थोडं ऐकायचा, पण मूठ वळेना. ज्या बोटांना दोन केसांचा फरक कळायचा त्यांना चहाचा कप कळेना. तो त्याबद्दल बोलायचा नाही. फक्त एकदा, त्याच्या खोलीत दाराआडच्या तीन काठ्यांकडे पाहत म्हणाला, "बंड्या, मले एक मरळ काढायचा आहे. माझ्या हातानं. बस, एक."

मला तिथेच गप्प राहायला हवं होतं. पण मी गप्प कधी राहिलो आहे? मी म्हटलं, "त्यात काय! साडेपाच फुटांची घेऊ. हलकी आहे, डाव्या हातात पिसासारखी." तो म्हणाला, "पिसानं मरळ नाई निघत गा. गवतात शिरला तर काठी तोडून जाईल." मी ऐकलं नाही. मधली काठी त्याला पेलणार नाही, ती हातातून पडेल, माणसांसमोर पडेल आणि मग तो परत तलावावर येणारच नाही, अशी मला भीती होती. हे त्याला सांगायचं सोडून मी हलक्या काठीवर दहा-दहा किलोचे मासे काढलेल्या लोकांच्या गोष्टी रचत गेलो. तो थकला असावा. म्हणाला, "बरं, हलकी तर हलकी."

तलावावर त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. डाव्या हाताने त्याने चार वेळा गरी, म्हणजे दोरीच्या टोकाचा आकडा, टाकली, चारही वेळा ती पायाशीच पडली. पाचव्यांदा मी टाकून दिली. दोन तास काहीच नाही. मग ऊन चढलं, त्याने मान मागे टाकली आणि डोळा लागला. आणि मी... लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या जाळीत सकाळी काढलेली एक जिवंत चिलापी होती. मी त्याची दोरी हळूच ओढली, ती चिलापी त्याच्या गरीला अडकवली आणि पाण्यात सोडून दिली. मग ओरडलो, "दिवाकर! लागला गा, लागला!"

तो दचकून उठला. काठी मांड्यांत धरून डाव्या हाताने रीळ फिरवायला लागला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मासा काठावर आला, त्याने तो मांडीवर घेतला, गरी काढली. मी आतापर्यंत मनात गोष्ट रचून मोकळा झालो होतो, नंदनवनात पोचेपर्यंत चिलापीचं वजन दीड किलो होणार होतं. तो मासा उलटसुलट करून बघत राहिला.

"बंड्या, एका माशाले दोन भोकं कशी गा?"

मी म्हटलं, "अरे, आधी कोणाच्या तरी गरीवरून सुटला असंल."

"दोन्ही ताजी आहेत," तो म्हणाला. मासा पाण्यात सोडला.  घरी उतरताना म्हणाला, "काहून केलं?" मी त्याची खुर्ची उतरवून दाराशी ठेवली. 

पुढचे दोन महिने त्याने माझा फोन उचलला नाही. मी घरी गेलो तर वहिनी चहा द्यायच्या आणि तो आतल्या खोलीत झोपलेला असायचा. सकाळी अकरालाही झोपलेला असायचा. यार्डात मी नेहमीसारखा बोलत होतो, पण मध्येच थांबायचो. 'सहा' म्हणणारं कुणी नसलं की 'चाळीस'ला काही चव राहत नाही.

मग एके दिवशी त्याचाच फोन. "मंगळवारी मोकळा आहे का?" मी तीन सौदे सोडून मोकळा झालो. त्याला घ्यायला गेलो तर साडेपाच फुटांची काठी दाराआड नव्हती, ती नातीला देऊन टाकली होती. नऊ फुटांची तलावावरच्या एका सोबत्याला. मधली तेवढी उभी होती. आणि त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एक पांढरा पाइप बसवलेला, नळाचा, प्लास्टिकचा, उभा अर्धा कापलेला, वर दोन पट्टे. त्याने डाव्या हाताने काठीचा बुडखा त्या पाइपात सरकवला, आणि काठी हाताचंच हाड असल्यासारखी बसली. मूठ वळायची गरजच नाही. काठी उजव्या हाताने धरायची आणि डाव्याने रीळ फिरवायचं, ही सवय तर त्याची जुनीच.

"यांनी दोन महिने जीव खाल्ला माझा," वहिनी म्हणाल्या. "पाइप गॅसवर नरम करायचा, हातावर टॉवेल गुंडाळायचा आन् त्यावर दाबून धरायचा. तीन पाइप वाया गेले. मी म्हटलं, अहो, भाजंल! तर म्हणे, मले कुठं समजते, तू दाब."

तलावावर त्याने अट घातली. "मी या टोकाले बसतो. तू त्या टोकाले." मधे सगळा तलाव. मुकाट गेलो. असे आम्ही वर्षभर मंगळवारी जात राहिलो, दोन टोकांना दोन म्हातारे. डाव्या हाताने गरी टाकून मग काठी पाइपात सरकवायला तो शून्यापासून शिकला. आयटीआयच्या पोरांना लोखंडावर फाइल मारायला शिकवताना जितका धीर धरायचा, तेवढाच स्वतःसाठी धरला. चिलापी मिळाल्या, एक-दोन बारीक रोहू मिळाले. मरळ नाही.

जाण्याच्या दोन महिने आधी, अशाच एका मंगळवारी, माझा फोन वाजला. त्या टोकावरून त्याचाच.

"धरला."

"काय धरला?"

"मरळ. सोडला."

मी उभा राहिलो. लांबून तो खुर्चीवर एवढासा दिसत होता. "सोडला? काट्यावर टांगला नाई?"

"एका हातात मासा, काटा कुठं धरू? मनात आलं, जाऊ द्यावं."

"अरे, पण किती होता?"

 तो म्हणाला, "तू सांग सगळ्यायले. जेवढा सांगायचा तेवढा सांग. मी मधे नाई बोलणार."

दिवाकरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मंडळी अंगणात बसली होती. दिवाकरने मरळ धरून सोडला, एवढं वहिनींमुळे सगळ्यांच्या कानावर होतं. त्याच्या साल्याने विषय काढला, "बंडूभाऊ, तुम्ही होते ना तिथं? केवढा होता तो मरळ?" सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकले. मी दोन्ही हात पसरले, सवयीने. आणि हात तसेच राहिले. चार किलो म्हणता आलं असतं, सहा म्हणता आलं असतं. परवानगी होती. पण मी तलावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. झटक्यानंतर त्याने काढलेला तो एकमेव मरळ, आणि त्यात माझा काहीच हात नव्हता. म्हटलं, "मले नाई दिसला." साल्याला वाटलं, मी आजारी आहे.

निघताना वहिनींनी आत बोलावलं. मधली काठी माझ्या हातात दिली. "हे तुम्ही न्या भाऊजी. पण पाइप मी देणार नाही." पाइप खिडकीत उन्हाला ठेवला होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. आतल्या बाजूला टॉवेलाच्या विणीची बारीक नक्षी उमटली आहे, आणि मनगटाजवळ, त्या दिवशी त्याने मासा हाताशी दाबून गरी सोडवली असेल तिथे, दोन खवले चिकटून वाळले आहेत.

"धुतला नाही मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाले खवल्यावरून समजते ना, किती मोठा होता ते?"

मला समजतं. मी खवल्याच्या जवळ डोळा नेला, अंगठ्याचं नख त्याच्याशी लावून पाहिलं आणि खरं होतं तेवढंच सांगितलं. "पावणेदोन किलो, वहिनी. त्याच्या वर नाई."

त्यांनी मान हलवली, पाइप पदराने पुसायला घेतला, खवल्यांपाशी थांबल्या, आणि तो तसाच पुन्हा खिडकीत ठेवला.