दसऱ्याची किक

हे मी अजून कोणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशी नाही, पोटच्या मुलापाशी नाही. देवापुढे बसले तरी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहायचे, म्हणजे हे मध्ये यायला नको. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून आज जमतंय की काय, कोण जाणे. शाळा माझी लवकर सुटली. पुढचं वाचणं किराण्याच्या पुड्यांवरून झालं, लिहिणं त्याहून उशिरा. तर जसं बोलते तसंच लिहिते.

सुरुवात गाडीपासून करू का? गाडीचं सांगणं सोपं आहे.

आमची नात रेणू रोज सकाळी आजोबांची मोटारसायकल अंगणातून काढते. पाचोरा स्टेशनापर्यंत गाडी, तिथून पुढे जळगावला रेल्वेनं कॉलेज. किल्ली फिरवली की हिरवा दिवा लागतो. गाडी न्यूट्रलला आहे, कुठलाच गिअर पडलेला नाही, असं तो सांगतो. रेणू त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आधी गाडी हातभर पुढे ढकलते, हातभर मागे ओढते. चाक मोकळं फिरलं तर ठीक, अडलं तर गिअर पडलेला आहे, दिवा काही का म्हणेना. मग सीटवर बसायचं, क्लच पूर्ण दाबायचा, समोर कोणी माणूस, कुत्रं, कोंबडी नाही ना बघायचं, आणि मग किक. आमच्या गल्लीतली सगळीच पोरं असं करतात. नव्या गाड्यांना बटण आहे, तरी आधी ढकलून बघतात. ह्याला भाऊंची पद्धत म्हणतात.

भाऊ म्हणजे आमचे हे. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. कोणी नवी गाडी आणली की पेढा हातात घेण्याआधी सांगायचे, "दिवा काय सांगस ते सोड, गाडीले इचार." लोक हसायचे. नंतर तसंच करायचे. माणूस किती जपून वागणारा, म्हणायचे. ते गेले तेव्हाही लोक दारात उभं राहून हेच बोलत होते, आणि मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते.

ती पद्धत कुठून आली, हे मला माहीत आहे. एकट्या मलाच.

पण आधी सुमन. माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून थोडीच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात माझ्याशी मनमोकळं बोलणारी ती एकटी. दुपारी दोघी मिळून शेंगा फोडायचो आणि सासूबाईंच्या चालीची नक्कल करून हसायचो. आणि तिच्या हातचे मांडे — तुम्ही खानदेशातले असाल तर तुम्हाला काय सांगायचं. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर घ्यायची आणि दोन्ही हातांवर असा खेळवत न्यायची की तो कोपरापर्यंत पसरायचा, पातळ, पलीकडचा चुलीतला जाळ दिसावा इतका. मग अलगद खापरावर. कधी फाटला नाही. जामनेरकडे तिचं सासर, तिथं तर लग्न ठरलं की तारखेच्या आधी विचारायचे, सुमन मोकळी आहे ना?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून हे जायचे. गाडीवर. अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. सुमन यायची ती भावामागे बसून, केस उडालेले, डोळ्यांत धूळ, आणि गल्लीच्या तोंडाशी आली की उगाच हॉर्न वाजवायला लावायची. मी दारात उभी असायचे. हसायचे, पुढे होऊन पिशवी घ्यायचे. आणि बघायचे ती मागची सीट.

मला गाडी हवी होती. म्हणजे — मागे बसायला नव्हे. चालवायला. आज रेणूला सांगितलं तर ती म्हणेल, मग चालवायची की, आजी. तेव्हा आमच्याकडे बायका मागेही क्वचित बसायच्या. सून बाहेर निघायची ती टांग्यानं, नाहीतर पायी. पण मी ह्यांचा डावा पाय बघून ठेवला होता. पहिला गिअर खाली, बाकीचे वर. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या दाबावर. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना माझा पाय पाटाखाली तेच करायचा. वेड म्हणा.

तर दसरा. आदल्या संध्याकाळी ह्यांनी गाडी धुतली, चांगली घासून, पाण्याचा पाइप लावून. तेव्हा इंजिनाखाली दिव्याच्या वायरीत पाणी गेलं असणार. ते मला खूप नंतर कळलं, गॅरेजवाल्यानं सांगितलं तेव्हा. पाणी गेलं की तो दिवा गिअर पडलेला असला तरी हिरवाच राहतो. गाडी साइड स्टँडवर लावली, न्यूट्रलला. हे कधीच गिअरमध्ये गाडी ठेवत नसत. त्याबद्दल त्यांना इतकी खात्री होती की त्या खात्रीवरच त्यांनी किकवर पाय टाकला.

पहाटे सडा घालायला मी सगळ्यांआधी उठले. अंगणात कोणी नाही. गाडी धुतलेली, चकचकीत. बादली खाली ठेवली, लुगडं जरा वर खोचलं आणि बसले. पुढच्या सीटवर. पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागत होती. हँडल धरलं. बरं वाटलं. खरं सांगते, नुसतं बरं नाही, आत कुठंतरी मोकळं वाटलं. आणि मग माझा डावा पाय — तो पाय सरावाचा होता ना — त्यानं खाली दाबलं. खट् आवाज झाला. मी घाबरले. वर ओढायचा प्रयत्न केला, तेवढ्यात सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. उतरले, बादली उचलली, सडा घातला. मनाला म्हटलं, वर ओढला ना, झालं असेल. गाडी ढकलून बघायला काय झालं होतं? हातभर पुढे, हातभर मागे. तेव्हा ही पद्धत कोणाची नव्हती.

पूजा मीच केली. हळदकुंकू, झेंडूचा हार हँडलला, सीटवर अक्षता. आमच्याकडे पूजलेल्या गाडीवर लगेच टांग टाकून बसत नाहीत. आधी उभ्याउभ्या तिला किक मारायची, ती चालू झाली की नारळ फोडायचा, मग बसून पुढच्या चाकानं लिंबू चिरडत निघायचं. गल्लीत सगळे असंच करायचे. हे किकच्या बाजूला उभे होते, म्हणजे क्लच पलीकडे राहिला. किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. सुमन त्या वर्षी दसऱ्याला आली होती, दिवाळीनंतर तिच्या दिराचं लग्न होतं, मांड्यांच्या तयारीचं बोलत होती. पुढच्या चाकाशी ती लिंबू ठेवायला बसली होती. लिंबू घरंगळत होतं, ती हसत होती.

मी बघत होते. मला ते खट् आठवलं. आठवलं, किक मारायच्या आधी आठवलं. तोंड उघडेस्तोवर पाय खाली गेला होता — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. तोंड मी उघडलंच नव्हतं.

गाडी एकदम पुढे उसळली, स्टँड मिटला आणि सगळी सुमनच्या अंगावर. हँडल मनगटावर.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवलं तर मी रडेन आणि मग लिहिणं राहील. हाड बसवलं ते वाकडं बसलं. हात दिसायला हातच होता. भांडी घासायचा, वेणी घालायचा. पण मनगट फिरायचं नाही. मांडा त्या मनगटावर फिरतो हो. दिराच्या लग्नात मांड्यांना दुसरीला बोलावलं आणि सुमन वाढायला उभी होती. सासूनं काय ऐकवलं ते तिनं मला सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. भावाला मात्र तिनं आमच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. ओरडून नाही. "भाऊ, तुनी गाडीवर मी आते बसाव नही." हे मान खाली घालून नखानं ओट्याचा पोपडा काढत राहिले.

आता ते, ज्याच्यासाठी मी ही पानं लिहायला घेतली.

दसऱ्याच्याच संध्याकाळी, सुमनला दवाखान्यातून आणून निजवल्यावर, हे अंगणात पडलेली गाडी उभी करत होते. हार अजून हँडलला होता, चुरगळलेला. त्यांनी गिअर तपासला, पहिला होता. दिवा बघितला, हिरवा. पुन्हा पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गाडीले कोणी हात लावेल व्हता का?" संशयानं नाही हो. माझ्यावर त्यांना कधी संशय आला नाही. ते स्वतःशीच विचारावं तसं विचारत होते, आणि समोर मी होते.

मी म्हटलं, "नही."

एवढंच. मग त्यांनी मान डोलावली आणि ते त्यांचं झालं. आपणच गिअर तसा सोडला, आपणच दिव्यावर विसंबलो, आपल्या हातून बहिणीचा हात गेला. त्या दिवसापासून हातभर पुढे, हातभर मागे.

भीती वाटली म्हणून खोटं बोलले, असं म्हटलं तर तुम्हाला पटेलही. पण भीती किती दिवस टिकते? सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, गल्लीतल्या सुना स्कूटरवर दिसायला लागल्या, तेव्हा कशाची भीती होती? सांगते. सुमननं सोडलेली ती मागची जागा मला मिळाली. अखाजीच्या आसपास मुराळी म्हणून जायचं नसायचं, ह्यांना घरात बसवायचं नाही, मग मला म्हणायचे, चल. गिरणेच्या पुलापर्यंत, नाहीतर केळीच्या बागांमधून उगाच. मी त्यांच्या पाठीशी बसायचे, वारा लागायचा, ह्यांच्या शर्टाला पेट्रोल आणि घामाचा वास. मला ते सुख हवं होतं. खरं सांगितलं असतं तर सुमन परत तिथं बसली असती. मी सांगितलं नाही. अजूनही डोळे मिटले की मला तो वास येतो, आणि अजूनही मला ते परत हवं आहे. हेही लिहूनच ठेवते.

सुमन अखाजीला यायची मात्र. जामनेरहून तेव्हा लहान रेल्वे होती, डुलत डुलत येणारी, तिनं यायची. आणि हे न चुकता स्टेशनवर जायचे — गाडी घेऊन. दर वर्षी. ती बसायची नाही, हे माहीत असून. मग तिची पिशवी हँडलला अडकवून हे गाडी ढकलत यायचे, आणि बाजूनं सुमन चालत. वैशाखाचं ऊन. बोलत असतील का, नसतील? मी दारातून बघायचे. गल्लीच्या वळणावर आधी चाक दिसायचं, मग हे, घामानं निथळलेले, मग ती. हॉर्न कोणी वाजवायचं नाही. मी पुढे होऊन पिशवी घ्यायचे.

ह्यांच्या दिवसकार्याला सुमन आली होती. सगळे पांगल्यावर अंगणात गेली आणि गाडीच्या सीटवर तो हात ठेवून उभी राहिली. मी मागे गेले. ती म्हणाली, "वहिनी, भाऊनी गाडीवर मी एकदा बसाले पाहिजे व्हतं."

तेव्हाही मी काही बोलले नाही.

परवा अखाजी आहे. सुमनचा फोन आला होता, ती येतेय, एस.टी.नं. रेणू म्हणाली, मी गाडी घेऊन जाते आत्याआजीला आणायला, बघू कशी बसत नाही. मी म्हटलं, तू राहू दे, मी जाते. पायी. तर ती हसली, म्हणाली, आजी, तुझे गुडघे? गुडघे पोचवतील.

एस.टी. स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता आहे तेवढाच आहे. ह्यांनी स्टेशनापासूनचा असाच रस्ता दर वर्षी गाडी ढकलत काढला. मी तिची पिशवी घेईन आणि स्टँडच्या बाहेर पडल्या पडल्याच सांगेन, वळणाची वाट न बघता. पुढचा रस्ता ती माझ्याबरोबर चालेल, की पिशवी परत घेऊन जामनेरची गाडी धरेल, ते तिचं तिनं ठरवायचं आहे.