तामच्या पट्ट्यातली थेऊ

थेऊताईला आमच्या कालव्यावर थेऊ म्हणून कुणीच हाक मारत नसे. नवरा ताम, म्हणून ती ताम वहिनी. लग्न झालं की नवऱ्याचं नाव बायकोला चिकटतं, इथली रीतच ती. ताम गेला आणि त्याचा रानातला पट्टा, धुरी द्यायची मशाल आणि ते नाव एवढं तिच्याकडे उरलं. त्यातला पट्टाही एका हंगामापुरताच.

उ मिन्हच्या रानातले मधाचे पट्टे आमच्या मंडळींनी वाटून घेतलेत. दलदलीतल्या त्रामच्या झाडांमध्ये वासे तिरके बांधायचे, समोर ऊन पडेल इतकी जागा मोकळी करायची, की आपलं काम संपलं. मग आग्या माश्यांच्या मनात आलं तर त्या येऊन वास्याला पोळं लावतात. पेटी नाही, पाळणं नाही. पण बाईनं वासे बांधल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बैठकीत तिचा दीर चिन म्हणाला, "वहिनी, चुलीचा धूर वेगळा आणि हा वेगळा. पट्टा मला द्या. लागेल तेवढा मध घरपोच आणून देतो."

"मध खायचा नाहीये हो भावजी, काढायचाय."

शेवटी किएम काकांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, निकाल दिला. टेटच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणानंतरच्या दुसऱ्या पुनवेला पाहणी. निम्मे वासे भरले तर पट्टा तिचा, नाहीतर चिनचा.

तिच्या होडीचं वल्हं माझ्या हातात असे, म्हणून सांगते, तिनं पंधरा दिवस नुसती उन्हं पाहिली. कुठली सावली कधी सरकते ते पाहत गुडघाभर पाण्यात उभी राहायची. मला तर कंटाळा यायचा. मग वासे बांधले ते तिच्या डोक्याइतक्याच उंचीवर. चिन आपल्या होडीतून ओरडला, "वहिनी, हे वासे आहेत की कपडे वाळत घालायची दांडी?"

"माझा हात पोचतो तिथंच माझा वासा. माश्यांना काही शिडी लागत नाही."

तरी टेटपर्यंत तिच्याकडे चारच वास्यांना पोळी लागली होती आणि शेजारच्या पट्ट्यात चिनचे सगळे भरलेले. त्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा. गडी फुलून गेला. पाहुण्यांना माशीच्या पिल्लांची कोशिंबीर हवीच, केळफूल घालून. तिच्यावाचून आमच्याकडे मेजवानी होतच नाही. त्यानं आपल्या वास्यांवरची पोळीच्या पोळी मुळापासून उतरवली. मीही दोनदा वाढून घेतलं, खोटं कशाला बोलू? थेऊताईनं मात्र ताट सरकवलं.

परत येताना ती होडीत म्हणाली, "पोरंच खाल्ली त्यांची. आता त्या घरात राहतील कशाला?" तिचा हिशेब सरळ होता. पोळ्याचा मधाचा कोपरा तेवढा कापायचा, पिल्लांना हात लावायचा नाही. माश्या तिथंच राहतात आणि कोपरा परत भरतात. चिनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाहुण्यांसमोर मिरवायचं म्हटल्यावर माणसाला कसली शुद्ध राहते!

आठवडाभरात चिनचे वासे ओस पडले. आणि तिच्या बुटक्या वास्यांवर एकामागून एक थवे उतरू लागले.

पाहणीच्या दिवशी तीन होड्या गेल्या. निम्मे कुठले, दोन सोडून सगळे वासे माश्यांनी काळे झाले होते. मला तर रडूच आलं. किएम काका काही बोलणार इतक्यात चिन तडकला. "या माझ्या माश्या आहेत! माझ्या पट्ट्यातून इकडे आल्यात. हिनं वास्यांना काहीतरी फासलंय!"

काकांनी एका रिकाम्या वास्यावर बोट फिरवून हुंगलं. "लाकडाचा वास येतोय," ते म्हणाले.

थेऊताई शांतपणे म्हणाली, "तुमच्या असतील तर घेऊन जा की, भावजी. मारा हाक."

पोळ्यांजवळ मोठ्यानं हसायचं नसतं. सगळे तोंडावर हात दाबून हसले, होड्या डुगडुगल्या. चिनचे कान लाल झाले. मग तिनं मशाल पेटवली, एका पोळ्याचा कोपरा कापला आणि पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला. "खा. पिल्लं मागं ठेवलीत." त्यानं खाल्ला. न खाऊन सांगतो कुणाला!

पट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या झाडावर तामचं नाव कोरलेलं होतं. काकांनी कोयता काढला. "आता हे खोडू ना?"

"राहू द्या. बरा आहे तो तिथं. त्याच्या खाली थेऊ लिहा."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. चाळीस वर्षं तिच्या हातचा चहा पिणारा माणूस, म्हणतो कसा, "थेऊ? ही कोण?"

"पट्ट्याची मालकीण," ती म्हणाली. "जरा खोल कोरा, काका."