या, गाव चांगलं आहे

हाताला कागद लागला की काका आधी त्याला मधोमध उभी घडी घालायचे. मग ती उलगडून डावीकडे 'बरं' आणि उजवीकडे 'बरं नाही' असं लिहायचे, आणि समोरच्याला म्हणायचे, "हं, आता दुसरी बाजू सांग नं." कागद कसलाही चालायचा. कँटीनचा नॅपकिन, मीटिंगचा अजेंडा, पार्किंगची पावती. गाडी घ्यायला या माणसाने अकरा महिने लावले. तेवढ्यात ते मॉडेलच बंद झालं. "बघ, वाचलो नं!" असं वर आम्हालाच सांगितलं.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांची चेष्टा होते, पण घर घ्यायचं असो की मुलाची शाळा बदलायची असो, आपण हळूच त्यांच्याच टेबलाशी जाऊन उभे राहतो. अ‍ॅरिझोनात, चँडलरच्या आमच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आम्ही सगळे तेच करायचो. वय त्रेचाळीसच, पण ठाण्यापासून नागपूरपर्यंतचे झाडून सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

ते नागपूरचे. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्याला आम्ही शिव्या घालू लागलो की म्हणायचे, "काहून बोंबलून राहिले बाप्पा? हा तर आमच्याकडचा मे महिना. फक्त कूलरला वाळ्याचा वास नाही." स्वतः मजेत भर दुपारी पार्किंग लॉट चालत ओलांडायचे. त्रास व्हायचा तो काकूंना. त्यांची अर्धशिशी अशी, की मे ते सप्टेंबर बाई पडदे ओढून अंधारात पडून असायच्या.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं टाळलं, पण आज सांगणारच.

कंपनीचा एक लहान प्लांट चँडलरच्या उत्तरेला, चार तासांवर होता. साडेपाच हजार फूट उंचीवरचं वाळवंटी गाव. २००१ साली मला तिथे पाठवलं. बायको चँडलरमध्येच दुसऱ्या कंपनीत, त्यामुळे मी वर एकटा. पुढच्या वर्षी मुलगी झाली. शुक्रवारी ड्राइव्ह करून खाली जायचं, रविवारी परत वर. ती मला बघून रडायची. परका माणूस आला म्हणून रडायची. मी मॅनेजरच्या मागे लागलो. तो म्हणाला, तुझ्या जागी अनुभवी माणूस आणून दे, दुसऱ्या दिवशी तुला सोडतो. अनुभवी म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी काकांना फोन केला. काकूंच्या डोकेदुखीवर बोट ठेवलं. "काका, इथे जूनमध्येसुद्धा संध्याकाळी शाल लागते," म्हणालो. खरंच लागायची.

२००३च्या वसंतात काका, काकू आणि त्यांची सोळा वर्षांची लेक दोन दिवस गाव बघायला आले. काकांनी पिवळं पॅड आणलं होतं, आधीच मधोमध घडी घातलेलं. दोन दिवस हा माणूस गावभर हिंडला. वाण्याच्या दुकानात, शाळेत, पोस्टात, पेट्रोल पंपावरसुद्धा. दोन्ही बाजू भरत गेल्या. आभाळ एवढं मोठं की काकू पुन्हा पुन्हा मान वर करायच्या, ते डावीकडे. सकाळी उठल्यावर नाकातून रक्त येतं, ते उजवीकडे. ट्रॅफिक नाही, डावीकडे. मार्चभर धुळीचं वारं, उजवीकडे. अंगण मोठं. भारतीय किराणा चार तासांवर. हवा कोरडी, सांधे दुखत नाहीत. हवा कोरडी, दाराच्या मुठीला हात लावला की करंट बसतो. उंचीमुळे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, हे मी सांगितल्यावर काकूंनी विचारलं, "किती शिट्ट्या?" मी म्हणालो, "दोन जास्त." काकू म्हणाल्या, "हात्तिच्या, दोनच!" आणि काकांनी लिहिलेलं खोडायला लावलं.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, देअर इज नथिंग हिअर." काकांनी तेही उजवीकडे इमानदारीत उतरवून घेतलं.

निघायच्या आधी माझ्या अपार्टमेंटच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. काकांनी पॅड माझ्यापुढे धरलं. "तू दोन वर्षं राहून राहिला इथे. आपला माणूस आहेस. काही सुटलं असेल तर सांग नं."

सुटलं होतं. एकच सुटलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

ग्रीन कार्डाच्या अर्जाची पहिली पायरी ही नोकरीच्या गावाला बांधलेली असते. ती पायरी पार व्हायच्या आत गाव बदललं की अर्ज पहिल्यापासून, रांगेत पुन्हा शेवटी. मला वर पाठवताना वकिलानेच फोनवर सांगितलं होतं, "तुमचा अर्ज बायकोच्या नोकरीवर आहे म्हणून बरं, नाहीतर सगळं परत करावं लागलं असतं." काकांचा अर्ज दोन वर्षांपूर्वी चँडलरमधून गेला होता आणि पहिल्याच पायरीवर अडकला होता. आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून त्याचं नाव गळतं. लेक सोळाची होती. हे सगळं मला त्या पायरीवर, हातात चहाचा कप असताना, लख्ख आठवत होतं.

काकांनी वकिलाला का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. अहो, आपल्यात कोण विचारतं वकिलाला! वकील कंपनीचा, त्याच्याशी बोलायचं ते एचआरमार्फत, जास्त प्रश्न विचारले तर आपली फाइलच खाली जाईल ही धास्ती. त्यापेक्षा आपल्या माणसाला विचारावं. आपला माणूस खोटं कशाला सांगेल?

आम्ही पुणेकर. न विचारता लोकांच्या चुका काढण्यात आमची हयात जाते. त्या दिवशी मात्र विचारल्यावरही माझं तोंड उघडलं नाही. म्हणालो, "नाही काका, सगळं आलं यात. या, गाव चांगलं आहे."

जूनमध्ये ते वर आले. त्याच आठवड्यात मी खाली.

आणि गाव त्यांना खरंच मानवलं, हे माझ्या डोक्यावर आणखी एक ओझं. काकूंची अर्धशिशी पळाली. त्यांना तर या हवेत वाळवणाचा स्वर्गच सापडला. कुरडया सकाळी घातल्या की दुपारी कडकडीत. अंगणभर पांढऱ्या चादरी अंथरायच्या. एकदा वारं सुटलं आणि चादर कुरडयांसकट कुंपणापलीकडे गेली. शेजारची म्हातारी गोरी बाई तासाभराने बेकिंग ट्रेमध्ये एकेक कुरडई नीट मांडून घेऊन आली आणि भीत भीत विचारू लागली, हे काही देवाधर्माचं आहे का? काकूंनी तिला तिथल्या तिथे दोन तळून दिल्या. मग पुढची पाच वर्षं ती म्हातारी चादरीची दोन टोकं धरायला यायची. दर उन्हाळ्यात माझ्या घरी डबा यायचा. काका फोनवर म्हणायचे, "झकास जागा दाखवली रे तू."

सहा महिन्यांनी वकिलाचं पत्र आलं. गाव बदललं, अर्ज नव्याने करावा लागेल. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज साधाच होता.

"अरे, असा काही नियम असतो, तुला माहीत होतं का रे?"

"नाही हो काका! काय सांगता!"

बघा, पायरीवर मी गप्प बसलो, त्याला मी निदान स्वतःपुरतं चूक असं नाव देत आलो. फोनवर बोललो ते सरळ खोटं होतं. आणि पलीकडून हा माणूस मलाच समजावू लागला, "जाऊ दे, तू मनाला लावून घेऊ नको. आपणच नीट विचारायला पाहिजे होतं नं." मी फोन ठेवला आणि मुलीला अंघोळ घालायला गेलो. तोपर्यंत ती मला चिकटायला लागली होती, मी दिसलो नाही की रडायची. त्या रडण्याचं मला सुख व्हायचं, आणि मग स्वतःची लाज वाटायची.

नंतर चारेक वर्षं मी मनात घोकत राहिलो की चँडलरला राहूनही त्यांचं काम झालं नसतं. ती पळवाटही बंद झाली. २००७ साली, काकांच्याच महिन्यात अर्ज केलेल्या आमच्या दोघा सहकाऱ्यांची कार्डं आली. कँटीनमध्ये पेढे वाटले. मी घेतला आणि खाल्ला, काय करणार.

पुढच्या मार्चमध्ये लेक एकवीसची झाली. अर्जातून तिचं नाव गळलं. कॉलेजचं एकच वर्ष राहिलं होतं. स्टुडंट व्हिसाचा शिक्का घ्यायला मे महिन्यात भारतात गेली. अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीतला अधिकारी म्हणाला, तुमच्या आईवडिलांनी तिकडेच राहायचा अर्ज केलाय, तुम्ही शिकून परत कशाला याल? नामंजूर. दोन मिनिटांत. नवव्या वर्षापासून अ‍ॅरिझोनात वाढलेली पोरगी नागपुरात आत्याच्या घरी अडकली. दुसऱ्यांदा अर्ज केला, तोही गेला. काका-काकूंनी मग ठरवलं, पोर तिथे तर आपणही तिथे. या वेळी त्यांनी कागद घेतलाच नाही, असं काकू म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये मी सामान बांधायला मदत म्हणून वर गेलो. काकांना सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. चार तास गाडीत वाक्यं जुळवली. पोचल्यावर खोक्यांमागून खोकी भरली, आणि वाक्य काही तोंडातून निघेना.

दुपारी त्यांच्या जागी येऊ पाहणारी एक इंजिनिअर घर बघायला आली. मूळ ठाण्याची, नवरा आणि दोन मुलं चँडलरला. तिने आपले प्रश्न विचारले. पाणी, शाळा, बर्फ. काकांनी सगळी उत्तरं दिली आणि मग माझ्याकडे बोट केलं. "यालाही विचारून घ्या. मी आलो तेव्हा यानंच सांगितलं होतं. आपला माणूस आहे."

तिने हसत माझ्याकडे बघितलं. "बोला ना. काही असं आहे का, जे कोणी सांगत नाही?"

मी म्हणालो, "तुमचा ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्या पायरीवर आहे?"

"पहिल्याच, लेबरच्या. आत्ताच टाकलाय."

"मग येऊ नका. गाव बदललं की तो रद्द होतो. परत पहिल्यापासून करावा लागतो."

"बाप रे! आम्हाला कोणीच नाही बोललं. तुम्हाला कधी कळलं हे?"

काका खोक्यावर चिकटपट्टी लावत होते. त्यांचा हात थांबला. खोटं बोलायची अजून एक संधी होती, आणि सवयही झाली होती. मी म्हणालो, "२००१ साली."

ती बिचारी आभार मानून गेली. आम्ही दोघं खोक्यांमध्ये उभे राहिलो.

"म्हणजे तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"हो."

"मी फोन करून विचारलं तेव्हाही?"

"हो काका."

त्यांनी काही शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपून ठेवली असती. त्यांनी चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हिला सांगू नको. तुझ्या पोरीसाठी फ्रॉक शिवला आहे तिनं. आठ दिवस बसून होती मशीनवर."

तेवढ्यात काकू आल्याच. हातात निळा फ्रॉक, इस्त्री केलेला. "भाऊजी, घेर जरा जास्तच ठेवला आहे बरं, पुढच्या वर्षीही येईल. तुम्ही नसता तर आमचं इथे कोण होतं?" मी दोन्ही हात पुढे केले आणि तो घेतला.

निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या, हात हलवत उभ्या राहिल्या. काका आले नाहीत. उघड्या दारातून दिसत होते. आमच्याकडे पाठ करून, एकदा बांधून झालेल्या खोक्यावर पुन्हा चिकटपट्टी लावत होते.