मिस्त्रींनी ठेवून घेतलेला रेडिएटर

“निवू दे तिला आधी,” असं म्हणत मिस्त्री तापलेल्या गाडीशेजारी विडी ओढत बसायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी अर्धा तास झाकणाला हात लावायचे नाहीत. पोलादपूरला हायवेलगत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं.

मार्चमधला शनिवार. ठरलेली रक्कम आठ हजार सहाशे, त्यात मजुरी तेराशे. हजर मिस्त्री, मी आणि माझी बायको. आमची पंधरा वर्षांची सात सीटची गाडी आंबेनळी घाटात उकळली होती आणि रेडिएटर बदलायचा होता.

मी स्टूल घेऊन शेजारीच बसलो. त्यांनी घमेल्यात पाणी सोडलं, पंख्याचं कव्हर काढलं, दोन्ही पाइप सोडवले आणि जाळीला धक्का न लावता रेडिएटर सरळ वर उचलला.

“सर, नजर ठेवताय का शिकताय?”

“दोन्ही.”

“मग फी पडंल,” ते हसले.

नवा बसवून, इंजिन चालू ठेवून त्यांनी प्रत्येक जोड बोटानं चाचपला. थेंब नव्हता.

“जुना डिकीत ठेवा,” मी म्हणालो.

“तो हितंच राहू दे. मला लागतो.”

“तांब्या-पितळेचा आहे. भंगारात बाराशे येतील. ठेवायचा तर मजुरीतून वजा करा.”

“अहो, जाऊ दे ना,” बायको पुटपुटली.

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले. “बरोबर हाय तुमचं. मजुरीचे शंभर द्या.”

मी दिले. बायको आधीच गाडीत जाऊन बसली होती.

पावसाळ्यात माझे साडू वाईहून येताना घाटात अडकले. गाडी आमच्याच बनावटीची, रेडिएटर फुटलेला, मागच्या सीटवर त्यांच्या आजारी आई. कुणीतरी मिस्त्रींना फोन केला. भर पावसात ते स्कूटरला जुना, डाग देऊन दुरुस्त केलेला रेडिएटर बांधून वर गेले आणि तिथंच बसवला. पैसे विचारले तर म्हणाले, “नवीन घातलात की ह्यो आणून द्या. दुसऱ्या कुनाला लागंल.”

साडू हे आमच्या घरी, चहा पिताना सांगत होते. गॅरेजच्या भिंतीला असे पाच-सहा टांगलेले मी पाहिले होते. तुम्हीही पाहिले असतील, आणि माझ्यासारखंच भंगार समजून पुढे गेला असाल. साडूंना दिलेला आमचाच होता का, हे मी विचारलं नाही.

“उद्याच जाऊन येतो,” मी बायकोला म्हणालो. दसरा गेला, दिवाळी गेली. गाडी नीट चालत होती, त्यामुळे कामाचं निमित्त नव्हतं. आणि निमित्ताशिवाय जायची लाज वाटत होती.

जानेवारीत गेलो तर गॅरेजला कुलूप. शेजारचा टायरवाला म्हणाला, “मिस्त्री? ते गेले की, दिवाळीनंतर. छातीत दुखलं, तेवढंच.”

शिवथरच्या बाजूला त्यांचं घर. त्यांच्या बायको अंगणात वाल निवडत होत्या. मी नोटा पुढे केल्या.

“कसले वो?”

“मजुरीचे राहिले होते.”

“ह्ये कधी बोलले नाय.” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “मानूस गेल्यावर कोन देतं? तुमी आठवनीनं आलात. अशी मानसं ऱ्हायली नाय आता.”

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या उठून पाणी आणायला गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत मी गप्प राहायचं ठरवून टाकलं.

दिले बाराशे रुपये. मिस्त्रींच्या बायकोला.