जिलानी सरांची प्रश्नावली

चाकूरच्या आमच्या शाळेत जिलानी सर नववीला मराठी शिकवतात. चेहरा एवढा निवांत, की शाळेची घंटासुद्धा त्यांना विचारून वाजत असावी. हे सर नांदेडला पीएच.डी. करतायत, तीही सजगतेवर. म्हणजे माणसाचं मन आत्ता, हातातल्या कामावर आहे का, यावर. परदेशातल्या मोठ्या माणसांसाठी केलेली एक प्रश्नावली आपल्या नववी-दहावीच्या पोरांना लागू पडेल अशी करायची, हे त्यांचं काम.

वीस वाक्यं तयार झाली. ‘जेवताना माझं लक्ष जेवणात असतं’, ‘समोरचा बोलतो ते मी नीट ऐकतो’, अशी. प्रत्येकापुढं ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच चौकोन. सरांनी नववी अ च्या चाळीस पोरांना कागद वाटले आणि बजावलं, “ही परीक्षा नाही. बरोबर-चूक काही नाही.”

हे लातूर जिल्ह्यात सांगायचं! इथं पोरगं चालायला लागलं की सराव परीक्षेला बसतं. वैजनाथनं हात वर केला. “सर, निगेटिव्ह मार्किंग हाय का?”

“न्हाई.”

“मंग काहीच सोडू नका रे!”

कुणीच सोडलं नाही. चाळीसच्या चाळीस जणांनी, वीसच्या वीस ठिकाणी, ‘नेहमी’. वैजनाथनं तर सवयीनं पुरवणीही मागितली.

नांदेडला गाईड मंजुश्री मॅडमनी गठ्ठा चाळला. “जिलानी, ही नववी आहे का मठ? सगळ्यांचं उत्तर एकच, तर मोजायचं काय? अजून एकदा चाचणी घ्या. तीही अशीच आली, तर विषय बदला.”

सरांची दोन वर्षं त्या वीस वाक्यांत गेली होती. स्टाफरूममध्ये आम्ही सांत्वनाची तयारी करून बसलो. पण गडी चहा मागवत म्हणाला, “पोरं हुशार हायत म्हणून मी फसलो. एवढं कळलं ना, बस्स झालं!”

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ते एकेका पोराला लिंबाखाली बसवून विचारू लागले, हे वाक्य वाचून तुझ्या मनात काय आलं? बाकीच्यांनी ‘चांगलं आलं’ म्हणून पळ काढला. ऋतुजा मात्र खरं बोलली.

“सर, ‘मी’ म्हणून लिवलं की मीच सापडते. जेवताना मोबाईल बघते म्हणलं, आन् तुम्ही पालक सभेत मम्मीला सांगितलं तर?”

“अगं, नावच लिहून घेत नाही.”

“तुम्ही चौकोनातल्या खुणेवरून बी वळखता!”

“मग कसं विचारू, तूच सांग.”

“काही जण असे, काही जण तसे, असं म्हणा. मंग मी कोणाकडं हाय ते सांगते. मी एकटी थोडीच हाय?”

अशी एक पद्धत सरांनी पुस्तकात वाचली होती. ती वापरायची कशासाठी, हे आज कळलं. रविवारभर बसून त्यांनी वीसही वाक्यं नव्यानं लिहिली. ‘काही मुलं चव घेत जेवतात. काही मुलांना भाजी कोणती होती तेच सांगता येत नाही. तू कोणासारखा किंवा कोणासारखी?’

मग नववी ब ची पाळी. अ तुकडीनं त्यांना उत्तरं आधीच पुरवली होती: समद्याला ‘नेहमी’! पण कागदावर ‘नेहमी’चा चौकोनच नव्हता. पोरं गोंधळली. “ह्यात तर दोन्ही बराबर वाटायलंय,” कुणीतरी पुटपुटलं. नाइलाजानं वर्गानं माना खाली घातल्या आणि खरं लिहिलं.

हेडमास्तर शेषेराव सरांनी कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. “अर्धा वर्ग बेसावध? हे नांदेडला दाखवणार?”

“अभिमानानं दाखवणार, सर!”

मंजुश्री मॅडमनी आकडे दोनदा तपासले. पोरापोरांत फरक होता. प्रत्येक पोराची स्वतःची उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत होती. त्यांनी सही केली आणि लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतल्या सहाशे मुलांना प्रश्नावली द्यायला सांगितलं.

सोमवारी जिलानी सर गाडीवर गठ्ठे बांधून रेणापूरच्या शाळेत निघाले. शेषेराव सर फाटकापर्यंत पोचवायला आले. दोरी ओढून बघत हळूच म्हणाले, “तिथली पोरं आपल्यापेक्षा जास्त बेसावध निघाली, तर मला लगेच फोन करा बरं का.”